मी आहे तोवर

"सरळ धर ना बाळा पुस्तक," वर्गाच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच ते फिरवून टिटवीच्या हातात दिले.

टिटवीने पुस्तकाकडे क्षणभर पाहिले, दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे पाहावे तसे. मग दोन्ही हातांनी ते पुन्हा उलटे केले, चित्रातला हत्ती पाय वर करून उताणा झाला, आणि ती खणखणीत आवाजात वाचू लागली. एक शब्द अडला नाही. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला श्वास घेतला.

लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली तिची आई ऐकत राहिली. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवण्याचे काम करणाऱ्या या बाईला लॅबचे पांढऱ्या केसांचे मालकसुद्धा ताई म्हणत. आपणही ताईच म्हणू.

"पाहिलंत?" बाई म्हणाल्या. "मला आधी वाटलं, गंमत करतेय. पण सरळ दिलं की अडखळते हो. अक्षर अक्षर लावत बसते. लिहिते मात्र सरळ. आणि फळ्यावरचं वाचायचं झालं तर मान अशी..." त्यांनी आपले डोके खांद्यावर, खांद्याच्याही खाली टाकून दाखवले. ताईला ते बघवले नाही.

"घरी अभ्यास कोण घेतं?"

"आजी," टिटवी म्हणाली.

"आजी घ्यायची," ताई म्हणाली. "माझी आई. उन्हाळ्यात गेली."

"अरेरे." बाईंनी विचारले, "मग आता कोण घेतं?"

"आजी," टिटवी म्हणाली.

खिडकीबाहेर कुणीतरी घंटेवर टोला दिला. बाईंनी ताईकडे पाहिले, ताईने बाकावरच्या शाईच्या डागाकडे.

"शिकवणी लावा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू म्हणाल, तर सवय हाडात मुरेल. तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक बाई राहतात ना, इथेच होत्या माझ्याबरोबर. भेटा त्यांना. उद्यावर टाकू नका."

ताईने मान डोलावली. लगेच हो म्हणायला हरकत नव्हती. पण तोंडातून होकार निघाला नाही.

*

टिटवी जन्मली तेव्हापासून घरात सगळे ताईच्या आईला आजी म्हणू लागले, ताईसुद्धा. आईला आई म्हणायची सवय मोडली ती मोडलीच.

आजीची सारी हयात छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली होती. खिळ्यांवरची शिशाची उलटी अक्षरे ती सरळ असल्यासारखी वाचायची. ताई लहान असताना आजी सकाळी जायची ती दिवेलागणीला काळी बोटे घेऊन परतायची. मग पोरीचा अभ्यास कोण घेणार? ताईला अगदी लहानपणीच शिकवणीला घातले गेले, गल्लीच्या टोकाला, पोत्यावर बसून पाढे म्हणणाऱ्या दहा-बारा पोरांत. तिथल्या बाई चांगल्या होत्या. पण त्यांच्या हाताला शिशाचा वास येत नसे.

टिटवी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा ताईनेच विषय काढला होता, की शिकवणी लावू या का. आजी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आहे तोवर शिकवणी लावायची नाही."

"अगं पण तुझ्या डोक्याला ताप कशाला?"

"तुला पाठवलं, तेवढं पुरे." आणि एक देठ कचकन मोडला. विषय तिथेच संपला.

मग जेवणाच्या टेबलावर रोजची शाळा भरू लागली. आजी टिटवीच्या शेजारी कधी बसली नाही, समोर बसायची. पुस्तक पोरीच्या पुढ्यात सरळ, म्हणजे आजीला उलटे. "मला कुठूनही दिसतं," ती ऐटीत म्हणायची. "उलटं, सुलटं, झोपेत." टिटवी चुकली की ती रागवायची नाही, शब्द सांगायचीही नाही. फक्त तिची खालची कवळी वरच्या कवळीवर आपटायची, टक. टिटवी मागे जायची आणि शब्द दुरुस्त करायची.

ती कवळी ताईनेच बनवली होती आणि खालची जराशी सैल बसली होती. बाहेरच्यांच्या तोंडात बरोबर बसणारे दात घरच्याच तोंडात सैल व्हावेत, याची ताईला लाज वाटे. "दे, घट्ट करून आणते," ती दर सुट्टीला म्हणे.

"राहू दे गं. घट्ट केलीस तर वाजायची कशी? मग पोरीला कळायचं कसं?"

*

शनिवारी लॅब अर्धा दिवस असे. त्या शनिवारी दुपारी ताई स्वयंपाकघरात कुकर लावत होती. बाहेरच्या खोलीत टिटवीने टेबलावर पुस्तक मांडल्याचा आवाज आला. ताई सहज दारात आली आणि तिथेच थांबली.

पुस्तक समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून ठेवले होते. अगदी नीट, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला मान वाकवावी लागू नये इतके पलीकडे सरकवून. टिटवी आपल्या बाजूने टेबलावर ओणवी झाली होती आणि उलट्या ओळींवरून बोट फिरवत वाचत होती. पान संपले की हात लांब करून उलटायची, मग पुस्तक पुन्हा खुर्चीसमोर सारखे करायची. खुर्ची टेबलापासून जराशी मागे ओढलेली होती, कुणी बसलेले असावे तेवढी.

ताई परत ओट्याशी गेली आणि कांदा चिरायला घेतला. कान मात्र बाहेर होते.

"...आणि राजाने आपल्या प्रधानाला बलावले..."

टक.

"...बोलावले," टिटवी म्हणाली आणि पुढे गेली.

ताईच्या हातातली सुरी थांबली. कांद्यावर, अर्ध्यात. आवाज बारीक होता, पण तोच होता; दगडावर दगड नव्हे, लाकडावर नख नव्हे. आपल्या हाताने घासून गुळगुळीत केलेले दात दातांवर आपटल्याचा आवाज दुसऱ्या कशासारखा नसतो, आणि तो तिच्याइतका कोण ओळखणार?

ती पाय न वाजवता दाराशी आली. टिटवीचे दोन्ही हात पुस्तकावर होते. जीभ टाळ्याला लावून पोरगीच करत असेल म्हणावे, तर तिचे तोंड वाचण्यात गुंतलेले होते. खुर्ची रिकामी होती.

फळीवर स्टीलच्या डब्यांच्या मागे काचेचा पेला होता, त्यात पाण्यात आजीची कवळी. रोज सकाळी त्यातले पाणी बदलणे ताईने थांबवले नव्हते. का, ते तिला कुणी विचारले नव्हते आणि तिनेही स्वतःला विचारले नव्हते. आता तिने डबे सरकवून पाहिले. कवळी जागच्या जागी होती. पाण्यावर एक बारीक वलय काठाशी जाऊन विरले. डबे सरकवताना आपलाच धक्का लागला असेल, असे तिने मनाशी म्हटले.

*

"लाव की मग," नवरा म्हणाला. तो पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचा आणि कुठल्याही गोष्टीला दोनच बाजू असतात असे मानायचा, चालू आणि बंद. "पोरगी पुस्तक उलटं वाचते. शिकवणी लावायची. यात विचार कसला करतेस?"

"आजी म्हणाली होती, मी आहे तोवर नको."

"बरोबर आहे. होती तोवर आपण लावली का? नाही. आता..." तो थांबला. बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तू आता कुणाला 'आहे' म्हणतेयस?"

ताई उठून कपड्यांच्या घड्या घालू लागली. तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. आपण दिवसभर मेलेल्या-जित्या सगळ्यांचे जबडे हाताळतो, भुते असती तर लॅबमध्येच रांग लागली असती, असे ती पूर्वी हसून म्हणायची. पण शिकवणीच्या बाईंना या म्हणायचे, याचा अर्थ एकच होता. आजी नाही, हे आपल्या तोंडाने, आपणहून, खुर्ची पुढे करून सांगायचे. आणि एकदा तसे सांगितले, की तो आवाज यायचा थांबणार. एवढे तिला दिसत होते.

शिवाय एक सल होता, तो तिने नवऱ्यालाही सांगितला नाही. आजी आली तर पोरीकडे आली. लहानपणी आपल्या वाट्याला आली नाही, आणि आताही नाही.

वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यातच भेटल्या. बुटक्या, हसऱ्या, पायांत करकरणाऱ्या चपला. त्या येताहेत हे दोन मजले आधी कळे. "वर्गाच्या बाईंनी सांगितलं मला. माझ्याकडे पाचची वेळ रिकामी आहे. तुमच्यासाठी धरून ठेवलीय हो, पण सोमवारपर्यंतच. नंतर ते तळमजल्यावरचं कार्टं आहेच टपलेलं. मग, येऊ ना सोमवारपासून?"

"सांगते," ताई म्हणाली.

"सांगा, पण सांगा बरं का. लोक सांगते म्हणतात आणि पोरं दहावीत गेल्यावर येतात." आणि करकरत वर गेल्या.

*

लॅबमध्ये भिंतीला लांबच लांब फळ्या होत्या आणि त्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. वर एक, खाली एक. प्रत्येक जोडी कुणाच्या तरी तोंडाची. कामे संपली तरी साचे ठेवून द्यायची मालकांची पद्धत होती, माणूस पुन्हा आला तर असावा म्हणून. पुन्हा न येणाऱ्यांचेही साचे त्यांतच होते. त्यांना वेगळी फळी नव्हती.

आजीचा साचा वरून दुसऱ्या फळीवर, खिडकीजवळ. उन्हाची तिरीप आली की हिरड्यांच्या सुरकुत्या दिसत. उन्हाळ्यापासून ताई त्या फळीवरची धूळ सगळ्यांत शेवटी पुसायची.

त्या दिवशी तिने दोन्ही जबडे हातांत घेतले. वरचा खालच्यावर टेकवून पाहिला. हॉस्पिटलात शेवटच्या सकाळी कवळी काढून ठेवलेली होती आणि आजीचे तोंड उघडेच राहिले होते. नर्स म्हणाली होती, थोडा वेळ धरून ठेवा, मग मिटलेलं राहतं. ताईने तळहातावर तिची हनुवटी तोलून धरली होती. किती वेळ, ते तिला आठवत नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलून भिंतीकडे तोंड केले होते, एवढे आठवत होते.

"ताई," पलीकडच्या टेबलावरून मेण वितळवणारी सोबतीण ओरडली, "अहो, दात वाजवू नका हो! माझं लक्ष जातं."

"मी कुठे वाजवतेय?" ताईने जबडे फळीवर ठेवले.

"ते नव्हे, तोंडातले. काही महिने झाले, तुमचं आपलं चालूच असतं. परवा त्या डॉक्टरांचं काम चुकलेलं आलं, तेव्हाही केलंत. मला वाटलं, डॉक्टरांना दात दाखवताय!"

सगळे हसले. ताईही हसली, आणि विसरून गेली.

*

रविवारी दुपारी नवरा कामावर होता. टिटवीने पुस्तक मांडले, खुर्चीकडे तोंड करून. ताई येऊन तिच्या शेजारी स्टुलावर बसली.

"टिटवी, एक विचारू? आजी रोज येते?"

"रोज नाही." पोरीला यात नवल काही नव्हते. "तू घरी असलीस की येते."

ताईने स्टूल जवळ ओढले. "आणि मी लॅबमध्ये असते तेव्हा? शेजारच्या मावशी असतात तेव्हा?"

"तेव्हा मी वाचते. पण आजी काही म्हणत नाही. चुकलं तरी नाही." टिटवीने पानाचा कोपरा दुमडला, उलगडला. "तू आलीस की म्हणते."

"तुला दिसते?"

"आजी?" टिटवीने आईकडे असे पाहिले, जणू हा प्रश्न तिनेच आईला विचारायला हवा होता. "नाही गं. ऐकू येते. तुला नाही येत?"

"येते," ताई म्हणाली. तिने पुस्तकावर हात ठेवला. "आणि हे तिकडे तोंड करून का ठेवतेस? आजी तर तुझ्याकडे सरळ ठेवायची. तिला उलटं वाचता यायचं ना?"

खुर्चीकडे पाहून टिटवीने आवाज खाली आणला. "तुला सांगायचं नाही म्हणाली होती."

"काय?"

"तिला उलटं दिसेनासं झालं होतं."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली आणि लांब गेली.

"आधी यायचं," टिटवी म्हणाली. "मग ती चुकीचं असलं तरी गप्प बसायला लागली. बरोबर असलं तरी टक करायला लागली. मी म्हटलं, आजी, तू सरळ वाच, मी उलटं वाचते. मला येतं. मला खरं तर येत नव्हतं. पण मग आलं. आजी म्हणाली, तुझ्या आईला बोलू नकोस, नाहीतर ती शिकवणी लावेल."

ताई उठली. उठून काय करायचे ते कळेना, म्हणून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. या टेबलाशी रोज एक सात वर्षांची पोर आजीची लाज राखत बसली होती आणि आपण आत ओट्याशी पोळ्या लाटत होतो. दोघींना एकमेकींचे सगळे ठाऊक होते. मधल्या माणसाला काही नाही.

पण पोरगी मान खांद्यावर टाकून फळा वाचत होती. पुढच्या वर्षीही तशीच वाचेल. सवय हाडात मुरेल. आजी होती तोवर ते ओझे होते, पण दोघींनी मिळून उचललेले. आता ते एकट्या पोरीच्या मानेवर होते.

ताईने खुर्चीकडे पाहिले. "आई," ती म्हणाली. कित्येक वर्षांनी म्हणाली, त्यामुळे शब्द ओळखीचा वाटला नाही. "आई, उद्यापासून शिकवणी लावते मी. तू नाहीस म्हणून नव्हे. म्हणजे... तू नाहीस म्हणूनच."

दोघी वाट पाहत राहिल्या. खुर्चीतून, पेल्यातून, भिंतीतून, कुठूनही काही आले नाही. मग ताईने पुस्तक हळूच फिरवून टिटवीपुढे सरळ केले.

"रागावली का?" टिटवीने विचारले.

"नाही," ताई म्हणाली. "रागावली असती तर वाजवलं असतं."

आणि वर जाऊन करकरत्या चपलांच्या बाईंना सांगून आली.

*

सोमवारी तिने लॅबमधून लवकर सुटी घेतली. जेवणाच्या सुटीत आजीची कवळी तिच्या साच्यावर चढवून, फडक्यात गुंडाळून लॅबच्या त्याच फळीवर ठेवून आली होती. घरी फळीवरचा पेला रिकामा होता. तो ती धूत होती तेव्हा चपला जिन्यातून उतरल्या.

"मी कुठे बसू गं?" बाहेर बाईंनी विचारले. "इथे समोर?"

"इथे," टिटवी म्हणाली, आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला. "शेजारी. मग आपल्या दोघींना सरळ दिसेल."

"शहाणी आहे. बरं, वाच."

टिटवी वाचू लागली. सरळ ओळी तिच्यासाठी नव्या गल्ल्या होत्या. प्रत्येक वळणावर थांबायची, बोट ठेवायची, मग एक पाऊल. बाई घाई करत नव्हत्या. पर्स उघडल्याचा, काहीतरी धुंडाळल्याचा आवाज येत होता. "वाच, वाच, पेन्सिल शोधतेय मी. ऐकतेय."

"...नदीच्या पलीकडे एक म्हतारा..."

टक.

"...म्हातारा," टिटवी म्हणाली. "म्हातारा राहत होता."

नळाची धार पेल्यावर पडत राहिली. ताई हलली नाही. आवाज बाहेरून आला नव्हता. खुर्चीतून आला नव्हता. तिच्या खालच्या दातांना अजून तो बारीक झटका जाणवत होता, हिरड्यांपर्यंत.

सोबतीण हसली होती. तू आलीस की म्हणते, असे पोरगी म्हणाली होती. ताईने नळ बंद केला. किती दिवस, किती शब्द, ओट्याशी उभी राहून आपणच.

तिने दाराच्या फटीतून पाहिले. आजीच्या खुर्चीवर बाईंची पर्स होती. बाई पेन्सिलीला टोक करत होत्या. टिटवी पुढची ओळ वाचत होती, सावकाश, आणि एका मोठ्या शब्दाशी आली, अर्धा वाचला, चुकला. तिलाही ते जाणवले असावे. बोट शब्दावर ठेवून ती थांबली. मान वर करून तिने समोरच्या खुर्चीकडे पाहिले नाही. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले, आणि वाट पाहू लागली.

ताई दारामागे सरकली. जबडा आपोआप वर येऊ पाहत होता. तिने ओला तळहात हनुवटीखाली नेला आणि दात एकमेकांवर टेकवून तोंड मिटून धरले. जबडा कसा धरायचा, किती जोर द्यायचा, ते हाताला माहीत होते.

बाहेर बराच वेळ काही नाही. मग टोक केलेली पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज.

"हा शब्द पुन्हा बघ हं," बाई म्हणाल्या. "घाई नाही. आहे मी इथे."

टिटवीने पुन्हा पाहिले. तुकडे केले, जोडले, एकदा मनात, एकदा मोठ्याने. शब्द बरोबर आला.

ताईने हनुवटी सोडली नाही.